गाडी सोडल्यावर वाजते

किसनसिंगची जीप आसिमच्या दारात उभी आहे हे अब्दुल गनीनं पाहिलं, तेव्हा त्याच्या हातात चहाची बशी होती. बशी वाकडी झाली आणि चहा पायजम्यावर सांडला. चांगला वाफाळता चहा होता, पण गनीला कळलंही नाही. त्याचा सगळा जीव रस्त्याच्या पलीकडे गेला होता.

घाटंजीहून पारव्याकडे निघालं की गाव संपता संपता डाव्या हाताला गनीचं गॅरेज लागतं, आणि बरोबर समोर उजव्या हाताला आसिमचं. आसिम म्हणजे गनीच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. मामूच्याच हाताखाली शिकला, मामूच्याच पान्यांनी बोटं ठेचून घेतली, आणि लग्न झाल्यावर समोरच टिनाचं शेड ठोकून बसला. दुसरीकडे जागा नव्हती का? आता बापाचा प्लॉटच तिथे होता, तर तो बिचारा काय आर्णीला जाऊन बसणार होता? इतकी सरळ गोष्ट. पण गनीला रोज सकाळी शटर उघडताना वाटायचं, पोरगा आपल्या छातीवर येऊन बसलाय.

चारचौघांत मात्र तो हसून सांगायचा, ‘माहाच भांजा आहे, कमवू द्या ना त्याले.’ मोटरसायकली तिकडे गेल्या, गेल्या. ट्रॅक्टर गेले, जाऊ दे. शिक्षक लोकांच्या नव्या चकचकीत गाड्या गेल्या, त्यांना तसंही गनी हात लावत नव्हता. पण किसनसिंगची जीप? अहो, त्या जीपचा एकेक नट गनीच्या ओळखीचा. तांड्यातला किसनसिंग आणि हा, दोघांच्या मिशा फुटायच्या होत्या तेव्हापासूनची दोस्ती. किसनसिंगनं ती जुनी जीप लिलावातून आणली, तीसुद्धा गनीनं खालून हात फिरवून ‘घे’ म्हटल्यावर. तिच्यातून कापूस गेला, तूर गेली, झरीच्या जंगलातल्या खेड्यांतून बाळंतिणी दवाखान्यात गेल्या. तिच्या बोनटखाली दुसऱ्या कोणाचा हात गेला नव्हता.

आणि आता घरात लग्न निघालं होतं. किसनसिंगच्या शीलाचं. मुलगा आर्णीकडच्या तांड्यातला. लग्नाची पत्रिका गनीच्या घरी सगळ्यात आधी आली होती, किसनसिंग आणि मानीबाई जोडीनं येऊन देऊन गेले होते. शीला सासरी जाईल ती बापाच्या जीपमधूनच, हेही तिनं लहानपणापासून सांगून ठेवलेलं. पत्रिका आपल्याकडे आली आणि गाडी त्याच्याकडे गेली! गनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“पायजमा बदला,” शहनाज आतून म्हणाली. शहनाज त्याची बायको. तिनंही खिडकीतून जीप पाहिली होती, पण ती शहाणी बाई, तिनं पायजम्याचंच नाव काढलं.

गनीचं नाव पंचक्रोशीत होतं ते त्याच्या कानासाठी. गाडी आवाज करते म्हणून कोणी आलं की तो पाना उचलायचाच नाही. गाडीत मागे आडवा व्हायचा, कान चाकाच्या वरच्या पत्र्याला लावायचा आणि मालकाला म्हणायचा, चालव. पारव्याच्या रस्त्यावर एक चढ आहे. चढताना अॅक्सिलरेटर दाबायचा, उतरताना सोडून द्यायचा. त्या वेळात गाडीत कोणी बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही. परत येईपर्यंत गनीनं रोग सांगितलेला असायचा, आणि तो चुकला असं कोणाच्या ऐकण्यात नव्हतं. काम झालं की पुन्हा तीच फेरी, आणि शेवटी गाडीच्या पत्र्यावर हाताचे दोन ठोके. ते ठोके म्हणजे गनीचा शब्द. कोणी पावती मागत नसे.

किसनसिंग पावसाळ्यात असाच आला होता. म्हणाला, मागून बारीक आवाज येते. गनी आडवा झाला, चढ चढून झाला, उतरून झाला, आणि त्याला टायरांच्या घरघरीशिवाय काही ऐकू आलं नाही. ‘टायर बदल,’ त्यानं सांगितलं. किसनसिंगनं टायर बदलले. पुन्हा आला, या वेळी फोनमध्ये आवाज भरून. चहाच्या टपरीवर त्यानं तो लावला, तेव्हा टपरीवाल्यापासून सगळ्यांनी माना डोलावल्या. गनीनं फोन कानाला लावला आणि हसून परत दिला. वारा भरला बापा तुह्या फोनात, म्हणाला. आवाज टायरचाच आहे, नवे टायर थोडे दिवस बोंबलतात, चालव बिनधास्त.

त्यानंतर किसनसिंग आवाजाचं काही बोलला नव्हता. गनीला वाटलं, गेला असेल आवाज. आता त्याला कळलं की आवाज गेला नव्हता, किसनसिंग गेला होता.

पुढचे दिवस त्यानं कसे काढले ते त्यालाच माहीत. समोर आसिमनं जीप जॅकवर चढवली, मागची चाकं काढली, एक्सल ओढले, आणि इकडे गनी एका स्कूटरचं कार्बोरेटर तिसऱ्यांदा धूत बसला होता. नजर काही हलेना. आसिम कोणता पाना घेतो, कुठे थांबतो, कधी डोकं खाजवतो, सगळं पाहत होता. भुवई चढली की समजायचं पोरगं अडलं. ओठ चावला की समजायचं सापडलं. शिकवताना इतक्या वर्षांत पाहिला नसेल इतका त्यानं त्या आठवड्यात भाच्याचा चेहरा पाहिला. एकदा आसिमची बायको गझाला डबा घेऊन आली आणि किसनसिंगनं त्या डब्यातली भाकर मोडली. गनीला तो घास स्वतःच्या घशात अडकल्यासारखा झाला.

“इतकं जळता, त्यापेक्षा जाऊन विचारा ना त्याले,” संध्याकाळी शहनाज म्हणाली.

तो म्हणाला, आपण जळून नाही राह्यलो, आपल्याला ॲसिडिटी झाली आहे. मग विषय बदलायला म्हणून म्हणाला, औंदा रातकिडे पार मेले, फवारण्या करून करून लोकांनी किडामुंगी ठेवली नाही. अंगणात संध्याकाळ झाली की कसं सुनं सुनं वाटते. शहनाजनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि भांडी आवरायला घेतली.

आता जीपच्या पोटातलं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा दिसतो ना, त्याच्या आत एक मोठं दातेरी चाक असतं, त्याला क्राऊन म्हणतात, आणि त्याला फिरवणारं लहान, तो पिनियन. या दोघांचे दात एकमेकांत कसे बसतात यावर सगळा संसार. केसभर जास्त आत बसले तरी रडतात, केसभर बाहेर राहिले तरी रडतात. ते अंतर राखायला कागदासारख्या पातळ चकत्या घालतात, त्या शिम. कोणती शिम घालायची ते कळायला गनीची रीत होती शेंदराची. मारुतीच्या देवळासमोरच्या दुकानातून हा माणूस शेंदराची पुडी आणायचा, आणि दुकानदारानं कधी भुवई उचलली नाही. शेंदूर तेलात कालवायचा, क्राऊनच्या दातांना लावायचा, चाक हातानं फिरवायचं, आणि पिनियननं तो कुठे पुसला ते पाहायचं. पुसल्याचा ठसा दाताच्या मुळाशी पडला तर एक शिम, टोकाशी पडला तर दुसरी.

आसिमला शेंदूर लावणं माहीत होतं, त्यानंच तो कित्येकदा कालवला होता. पण ठसा वाचायची वेळ आली की गनी पाठ फिरवायचा. बॅटरी हातात घेऊन गोळ्यावर असा वाकायचा की मागच्याला नुसता सदरा दिसावा. शिम निवडायचा, बसवायचा, झाकण लावायचा, मग वळायचा. त्याच्या उस्तादानंही त्याच्याकडे अशीच पाठ केली होती. एक गोष्ट आपल्या मुठीत ठेवायची, ही या धंद्यातली चालच होती. गनीनं उस्तादाच्या बगलेखालून डोकावून ती चोरली होती. आसिम सरळ पोरगा, तो डोकावला नाही.

म्हणून झालं असं, की आसिमनं गोळा उघडला, पिनियनचं बेरिंग खिळखिळं झालेलं त्याला बरोबर सापडलं, नवं घातलं, आणि जुनी शिम जशी निघाली तशी परत बसवली. जुनं बेरिंग आणि नवं बेरिंग यांच्या उंचीत केसभर फरक असतो. जीप बाहेर निघाली, चढापर्यंत गेली आणि परत आली. आसिमचं तोंड उतरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडली, पुन्हा लावली, पुन्हा तेच.

गनीच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोला? त्या दिवशी त्यानं टपरीवर स्वतःहून सगळ्यांना चहा पाजला. लग्न तोंडावर आलं आहे, मुलगी काय रडणाऱ्या गाडीतून पाठवणार का, असं तो सहज विचारल्यासारखं विचारत होता.

बाजाराच्या दिवशी दुपारी जीप गनीच्या दारात येऊन थांबली. किसनसिंग उतरला, मागून आसिम उतरला, मानीबाई लग्नाच्या सामानाच्या पिशव्या मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसून राहिली. किसनसिंगची नजर वर होईना. तो म्हणाला, दोस्ता, तुला टायरचं वाटलं, मी तुझ्या तोंडावर कसं म्हणू की तू चुकला, म्हणून पोराकडे गेलो. आसिम म्हणाला, “मामू, दाबल्यावर होता तो आवाज गेला. पण अजून येते. मले नाही समजून राह्यलं. तुम्ही ऐका.”

एवढं ऐकायला गनीनं किती दिवस काढले होते! तरी त्यानं लगेच होकार दिला नाही. हात धुतले, टॉवेलनं एकेक बोट पुसलं, स्कूटरवाल्याला उगाच चार गोष्टी सांगितल्या. आसिम उन्हात उभा राहिला. मग गनी जीपमध्ये चढला, मागे आडवा झाला, कान पत्र्याला लावला आणि डोळे मिटून घेतले. आसिम समोरच्या फळीवर बसला. कोणी बोलू नका, हे सांगायची गरज नव्हती.

जीप निघाली. टायरांची घरघर, इंजिनाची धडधड, पिशवीतल्या स्टीलच्या भांड्यांचा खणखणाट. चढ लागला. किसनसिंगनं दाबलं. चढ संपला. त्यानं पाय काढला, गाडी उताराला आपली आपण धावू लागली. गनी वाट पाहत होता. काहीच नाही. घरघर, धडधड, खणखण. पुन्हा एक फेरी झाली. पुन्हा काही नाही.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. हे आपली थट्टा करून राह्यले! पोरानं गाडी नीट केली आहे, आणि मामूचा मान राहावा म्हणून आता ही दया चालली आहे. त्याला शिवी आली ओठावर. त्यानं डोळे उघडले, आणि उघडले तेव्हा किसनसिंगनं उतारावर तिसऱ्यांदा पाय काढला होता. समोर मानीबाईनं ओढणीचा पदर कानावर दाबला आणि तोंड वाकडं केलं. मानीबाई! तिला थट्टा करायची असती तर तिनं तोंडावर केली असती. आणि आसिमची डावी भुवई वर चढली होती.

गाडी पुन्हा दाबली, भुवई खाली आली. सोडली, वर गेली. मानीबाईचा हात पदराकडे गेला.

मग गनीला एकदम ते रातकिडे आठवले. ते मेले नव्हते. टपरीवरच्या फोनात वारा भरला नव्हता. टायर टायरसारखेच वाजत होते. आवाज गाडीत भरून राहिला होता, सगळ्यांच्या कानात शिरत होता आणि फक्त त्याच्या कानापाशी येऊन परत जात होता. कान गेले तर गनी म्हणजे कोण? घाटंजीतला आणखी एक म्हातारा मिस्त्री. आणि आसिमचे कान मात्र शाबूत, तिशीचे, दोन्हीच्या दोन्ही.

त्यानं झटकन डोळे मिटले. पण पूर्ण नाही, पापणीखालून फट ठेवली. आठवडाभर जो चेहरा जळत जळत पाहिला होता, तो आता त्यानं कामाला लावला. आणखी दोन फेऱ्या मारायला लावल्या. भुवई दाबल्यावर गप्प. सोडल्यावर वर. हळू असताना नाही, वेगात असताना आहे. वळणावर काही फरक नाही, म्हणजे चाकांचं बेरिंग नाही. चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं होतं.

“सोडल्यावर वाजते,” तो उठून बसत म्हणाला. “दाबल्यावर नाही. पिनियन केसभर आत बसला.”

किसनसिंगनं तिथेच गाडी थांबवली, मागे वळला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाला, गनीभाई, कान असावा तर असा, मी मूर्ख दुसऱ्या दारात गेलो. मानीबाईनं पिशवीतून पेढा काढून दिला. गनीनं पेढा तोंडात टाकला. तो खाताना त्याला आसिमकडे पाहायची इच्छा नव्हती, पण नजर गेलीच. आसिम त्याच्याकडे टक लावून पाहत होता. पोरगं सरळ होतं, बावळट नव्हतं. मामू आडवा झाल्यावर डोळे घट्ट मिटतो हे त्याला वर्षानुवर्षं माहीत होतं, आणि आज ते आपल्या तोंडावर होते हेही त्यानं पाहिलं होतं.

काम गनीच्या शेडमध्ये झालं. गोळा उघडला, पिनियन काढला, शेंदूर कालवला आसिमनं, लावला आसिमनं, चाक फिरवलं आसिमनं. आणि ठसा वाचायची वेळ आली तेव्हा गनीनं बॅटरी घेतली, पुढे झाला आणि पाठ फिरवली. सवयीनं फिरवली की मुद्दाम? मुद्दामच. आत्ताच तर कान गमावून आला होता, उरलेली एकच चीज तो कोणाला कशाला देईल? शेंदूर दातांच्या मुळाशी पुसला होता. त्यानं शिम बदलली, पुन्हा ठसा घेतला, तो मधोमध आल्यासारखा वाटला. झाकण लावलं. मागे आसिम त्याचा सदरा बघत उभा होता.

दिवस कलला तेव्हा शेवटची फेरी निघाली. किसनसिंग चालवत होता, मानीबाई पुढे, गनी मागे आडवा, कान पत्र्याला आणि पापणीला फट. चढ आला, गाडी चढली. उतार लागला, किसनसिंगनं पाय काढला. गनीनं भुवई पाहायला नजर वर केली.

आसिमनं पाठ फिरवली होती.

फळीवर तो उलटा बसला होता, तोंड मागच्या रस्त्याकडे. गनीला फक्त त्याचा सदरा दिसत होता. मानीबाईनं पदर डोक्यावरून पुरता लपेटला होता, तिच्याकडूनही काही कळेना. गनी वाट पाहत राहिला. वळेल, आता वळेल. एक फेरी झाली, दुसरी झाली. पोरगं वळलं नाही. इतक्या वर्षांचा हिशेब असा एका पाठीत चुकता होईल हे गनीच्या ध्यानीमनी नव्हतं. राग आला, भल्ला राग आला, पण कोणत्या तोंडानं यावा तेही कळेना.

चढाच्या माथ्यावर किसनसिंगनं गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं.

“दे शब्द, गनीभाई,” तो म्हणाला. “परवा पोरगी बसणार आहे यात.”

गनीचा हात पत्र्यावर गेला. दोन ठोके द्यायला काय लागतं? कोणाला कळणार होतं? किसनसिंगला बारीकसा आवाज आला असता तरी गनीनं ठोके दिले म्हटल्यावर त्यानं स्वतःच्या कानाला खोटं पाडलं असतं, टायरच्या वेळी पाडलं होतं तसं. शीला त्या गाडीतून गेली असती. पिनियन आणखी महिनाभर रडला असता, आणि मग एखाद्या दिवशी झरीच्या वाटेवर, भरल्या गाडीत, दात निखळून मागची चाकं जागच्या जागी अडकली असती. हात उचललेला तसाच राहिला. ज्यानं उभ्या जन्मात कोणाला गाडीबद्दल काही विचारलं नव्हतं, त्यानं घसा खाकरला.

“आसिम,” तो म्हणाला, “गेला का रे आवाज?”

किसनसिंग चमकून मागे वळला. मानीबाईनं पदर बाजूला केला. आसिम सावकाश वळून बसला. त्याचे डोळे लाल झाले होते. आता हा ‘गेला मामू’ म्हणेल आणि आपल्यावर उपकार करेल, असं गनीला वाटलं, आणि त्या उपकाराचाही त्याला आधीच जळफळाट होऊ लागला.

“नाही, मामू,” आसिम म्हणाला. “जराकसा राह्यला.”

मग गनीनं विचारलं, “अन् रातकिडे?”

“आहेत. भरपूर आहेत.”

किसनसिंगला तेव्हा सगळं उमगलं. मागे हात करून त्यानं गनीचं मनगट धरलं आणि तसंच धरून ठेवलं. शेवटी मानीबाई म्हणाली, गनीभिया, अंधार पडून राह्यला, चला घरी, आणि गाडी खाली वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा पुन्हा उघडला. शेंदूर लावून झाला, चाक फिरवून झालं, आणि गनीनं बॅटरी उचलली. थोडा वेळ ती हातात घेऊन उभा राहिला. मग बाजूला सरकला आणि भाच्याला म्हणाला, इकडे ये, माहा सदरा काय पाहते, हा ठसा पाह्य. मुळाच्या जरा वर पडला म्हणजे अजून अर्धी शिम कमी. आसिम वाकला. दोघांची डोकी गोळ्यावर एकमेकांना लागली. त्यानं विचारलेले प्रश्न इतके नेमके होते की दुपारपर्यंत त्याला सगळं आलं, आणि गनीला उस्तादाच्या बगलेखालून चोरायला दोन पावसाळे लागले होते. ही गोष्टही त्याच्या पोटात दुखलीच.

या वेळी चढाच्या माथ्यावर आसिम गनीकडे तोंड करून बसला होता. त्याची भुवई जागची हलली नाही. गनीनं नुसत्या भुवईवर भरवसा ठेवला नाही, तोंडानंही विचारलं. गेला, आसिम म्हणाला. तेव्हा गनीनं पत्र्यावर दोन ठोके दिले.

शीला त्याच जीपमधून आर्णीकडे गेली. निघताना मानीबाई रडत होती, किसनसिंग रडत होता, आणि गनी भाच्याच्या शेजारी उभा राहून उताराला लागलेल्या गाडीकडे पाहत होता. ती कशी वाजते आहे हे आसिम न सांगता ऐकत होता आणि गनी ऐकल्यासारखं करत होता. जळत होता का अजून? जळतच होता. ते कान काढून घेता आले असते तर त्यानं त्याच मांडवात काढून घेतले असते. पण गाडी वळणाआड गेल्यावर त्यानं खिशातली शेंदराची पुडी काढली आणि आसिमच्या हातात दिली. गॅरेज उघडायचं होतं, म्हणून दोघं एकाच फटफटीवर घाटंजीला परत निघाले.